क्रोमच्या मॅगव्हीलला घरी रंग मारायचाय? मग आधी चमक मारा

माझ्या जुन्या मारुती झेनला क्रोमची मॅगव्हील (ॲल्युमिनियमची ॲलॉय चाकं) आहेत, १३ इंची, सेकंडहँड घेतलेली. घेतली तेव्हा अशी चकचकीत होती की त्यात बघून दाढी करावी. दोन पावसाळे खानापूर-जांबोटी रस्त्यावर काढल्यावर क्रोमला फोड आले, मग फोड फुटले आणि आतून पांढरं पीठ गळायला लागलं, बायको म्हणाली गाडीला खरूज झालीय काय. मग मी स्प्रेचे डबे आणले, चाकं साबणानं धुतली, वरवर जरासा घासायचा पेपर फिरवला आणि गनमेटल रंग मारला. लई भारी दिसायलं. तिसऱ्या आठवड्यात चोर्ला घाटानं गोव्याला जाऊन आलो, आल्या आल्या गाडी धुवायला लावली आणि प्रेशरच्या पाण्याबरोबर रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालीगत अख्खाच्या अख्खा सुटून गटारात गेला. खाली क्रोम तसंच चकचकीत, जसं काय झालंच नाही.

दुसऱ्यांदा केलं ते आमच्या गल्लीतल्या पेंटरमामांना विचारून केलं, आयुष्य गेलंय त्यांचं डेंटिंग-पेंटिंगमध्ये. तो रंग आता दोन पावसाळे झाले तरी जाग्यावर आहे, म्हणून हे लिहायलोय. पहिल्यांदा करणाऱ्यासाठी लिहितोय, ज्यांना येतंय त्यांनी चुका काढा.

क्रोमवर रंग का धरत नाही

क्रोम म्हणजे रंग नव्हे, धातूचा मुलामा आहे तो. खाली ॲल्युमिनियमचं चाक, त्यावर बऱ्याचदा तांब्याचा थर, त्यावर निकेल आणि सगळ्यात वर क्रोमियम. आरशासारखी चमक जी दिसते तिच्यात मोठा वाटा खालच्या निकेलचा, वरचं क्रोम बहुतेक वेळा अर्धा मायक्रॉन नाहीतर त्याहून पण कमी, म्हणजे डोक्याच्या केसाच्या शंभराव्या भागाएवढं पातळ. खरं ते कडक असतंय आणि काचेसारखं गुळगुळीत, त्यावर ओरखडे नाहीत. रंगाला बोटं रुतवायला काही मिळतच नाही. नुसता बसतो वर पाहुण्यागत आणि पहिल्या पावसात उठून जातो.

आणि फोड का येतात तर कुठंतरी खडी लागून तो मुलामा फुटतो, तिथनं पाणी आत जातं, निकेल आणि ॲल्युमिनियम हे दोन वेगळे धातू आणि मधे पाणी, त्यात गोव्याची फेरी झाली असली तर मीठ पण, मग खालचं ॲल्युमिनियम कुजायला लागतं. ते पांढरं पीठ म्हणजे तेच. ते पीठ ठेवून वर कितीही भारी रंग मारा, आतनं कुजणं थांबत नाही.

म्हणजे काम दोनच आहेत बघा. जिथं क्रोम सुटलंय तिथनं ते घट्ट कडेपर्यंत काढायचं, आणि जिथं घट्ट आहे तिथं त्याची चमक मारायची. मामांचा शब्द आहे हा, चमक मारायची, म्हणजे घासून घालवायची. रंग मारणं त्याच्या पुढची गोष्ट.

आधी ठरवा, करायचं का नाही

चाक काढून पाठीमागनं पण बघा. स्पोकला नाहीतर नटाच्या भोकाजवळ चीर असेल, रिंग वाकलेली असेल तर रंगाचा विचार सोडा, त्या चाकाचं भंगार करा, चिरेवर रंग मारून ती झाकणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. दुसरं म्हणजे अर्ध्याहून जास्त क्रोम सुटलं असेल तर हातानं घासायच्या नादाला लागू नका, प्लेटिंगवाल्याकडं जुना मुलामा काढून घ्या आणि बेळगावच्या उद्यमबागेकडं, कारखान्यांच्या भागात, चौकशी करून पावडर कोटिंग करून घ्या. पावडर कोटिंग साधारण १८० ते २०० डिग्रीला भट्टीत भाजतात म्हणून टायर काढावा लागतो आणि जुनं क्रोम आत ठेवून ते करायचं नसतंय, भट्टीत ते सुटतं.

यूट्यूबवर टॉयलेटचं ॲसिड ओतून क्रोम काढताना दाखवतात. करू नका. त्याची वाफ छातीत जाते, क्रोम जायच्या आधी उघडं ॲल्युमिनियमच खाल्लं जातं, आणि उरलेलं विषारी पाणी तुम्ही कुठं ओतणार, गल्लीच्या गटारात? घरी बॅटरी लावून उलटं प्लेटिंग करून क्रोम काढायचा पण एक व्हिडिओ फिरतोय, त्यात जे क्रोमियम पाण्यात उतरतं ते कॅन्सर करणारं असतंय. ते तर बिलकूल नको.

प्लॅस्टिकचे क्रोम व्हीलकॅप असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही, त्याला प्लॅस्टिकचा वेगळा प्रायमर (रंगाच्या आधी मारायचा, पकड धरणारा थर) लागतो. लोखंडी रिंग असेल तर कृती हीच, पांढऱ्या पिठाच्या जागी तांबडा गंज एवढाच फरक. ओळखायला चुंबक लावा, गच्च चिकटलं की लोखंड.

सामान

वॉटर पेपर (ओलं घासायचा पेपर, नंबर मोठा तसा बारीक) १२०, १८०, २२०, ३२०, ६०० आणि एखादा १००० नंबर, भांडी घासायची हिरवी घासणी, मास्किंग टेप, थिनर, न सुटणाऱ्या सुताची पांढरी फडकी (जुनं धोतर असलं तर उत्तम), प्रायमर, रंग, क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर). चार चाकांना ४०० मिलीच्या डब्यांचा हिशोब धरला तर प्रायमरचे दोन, रंगाचे तीन, क्लिअरचे दोन मला लागले, चाकं मोठी असली तर जास्त धरा. प्रायमर, रंग, क्लिअर तिन्ही एकाच कंपनीचं घ्या. मी कंजूसपणा करून वेगवेगळं घेतलं होतं एकदा, क्लिअर मारला तसा खालचा रंग सुरकुतला, पाण्यात भिजलेल्या बोटागत. एकातलं थिनर दुसऱ्याला उचलतं म्हणून होतं तसं.

मास्क दोन लागतात. घासताना धुळीचा एन-९५, आणि फवारताना कार्बनच्या डब्या असलेला. तोंडाला रुमाल बांधून वास अडत नाही. दुकानात हार्डनरवाला टू-के क्लिअर दाखवतील, टिकायला तो जास्त चांगला, पेट्रोल सांडलं तरी जात नाही, खरं त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतंय, त्यानं दमा लागू शकतो, आणि त्याला नुसती डबीवाली मास्क पुरेशी समजू नये. पहिल्यांदा करणाऱ्यानं साधा क्लिअरच घ्यावा असं माझं मत, चार वर्षांनी परत मारायला लागला तरी चालेल, फुप्फुस परत मिळत नाही.

दिवस कुठला धरायचा

बेळगावात जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. हवेत ओल असली की रंग वाळताना त्यावर पांढुरकी झाक येते आणि जात नाही. एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात पण नको, डब्यातनं निघालेला रंग चाकावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो, मग हात फिरवला की रव्यागत खरखरीत लागतंय, आणि संध्याकाळी वळीव आला तर विषयच संपला. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी बेस्ट, सकाळचा गारठा गेल्यावर दहा ते चार. डबा गार असला तर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. गॅसवर नाही, उकळत्या पाण्यात नाही, तो बाँब आहे.

चाक काढणं

नट आधी सैल करायचे, चाक जमिनीवर असताना, मग जॅक. हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, उचलणार त्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड. आपल्याकडं जांभ्याचे चिरे सगळ्यांच्या अंगणात पडलेले असतात म्हणून गाडी चिऱ्यावर टेकवायची सवय आहे, चिरा वरनं कितीही दणकट दिसला तरी एका बाजूला वजन आलं की फुटतो, न सांगता फुटतो. जॅक स्टँड भाड्यानं घ्या नाहीतर सोपं करा, स्टेपनी लावून एका वेळी एकच चाक करा. चार रविवार जातील, गाडी चालू राहते, आणि पहिल्या चाकावरची चूक चौथ्यावर होत नाही. पहिलं चाक मागचं डावं घ्या, गटाराच्या बाजूचं, कुणाचं लक्ष जात नाही तिकडं.

धुणं

टायरला चमकायला जे पॉलिश मारतात त्यात सिलिकॉन असतंय. ते चाकावर उडालेलं असतं आणि दिसत नाही, रंग मारला की तिथं गोल गोल खड्डे पडतात, पेंटर लोक त्याला डोळे पडले म्हणतात. म्हणून टायरसकट दोनदा धुवा कपड्याच्या पावडरीनं, आतल्या बाजूची ब्रेकची काळी धूळ ब्रशनं काढा. डांबर चिकटलं असेल तर रॉकेलनं निघतं, खरं त्यानंतर परत साबण लागतो, रॉकेल स्वतः तेलकट. आता एक सोपी परीक्षा, चाकावर स्वच्छ पाणी ओता. पाणी पातळ चादरीगत पसरलं तर साफ, थेंब थेंब होऊन उभं राहिलं तर अजून तेल आहे. मला तीनदा धुवावं लागलं.

हे घासायच्या आधीच करायचं. तेलावर पेपर मारला तर तेल ओरखड्यात आत जाऊन बसतं.

घासणं, म्हणजे खरं काम

सुटलेलं क्रोम आधी काढा, जुन्या छिन्नीनं नाहीतर स्क्रॅपरनं, कडेनं आत. हातमोजे जाड घाला. क्रोमचा पापुद्रा नवीन ब्लेडएवढा धारदार असतो, माझ्या अंगठ्याच्या नखाखाली एक गेला होता, दिसत नव्हता एवढा बारीक, आठ दिवस भाकरी मोडता आली नाही. डोळ्याला चष्मा पाहिजेच. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पटकन होतंय खरं, ॲल्युमिनियम मऊ असतं, एक सेकंद हात जास्त टेकला की खड्डा, आणि धूळ सगळीकडं.

नंतर सगळं पाण्यात घासायचं, बादलीत चिमूटभर साबण टाकून. ओलं घासलं की धूळ उडत नाही आणि पेपर भरत नाही. ही धूळ साधी माती नव्हे, निकेल-क्रोमची आहे, पोरं आणि कुत्रं लांब ठेवा, उरलेला गाळ फडक्यात गोळा करून टाका.

सुटलेल्या जागेवर १२० नंबरनं चालू करा. पांढरं पीठ जाऊन स्वच्छ चंदेरी धातू दिसेपर्यंत, खड्ड्याच्या तळातला काळा ठिपकासुद्धा. मग कडा. इथं घाई करू नका. क्रोम जिथं संपतं तिथं पायरी असते, ती उतरती करायची, १८० आणि मग २२०. बरोबर व्हायला लागलं की एक मजा दिसते, बाहेर निळसर क्रोम, मग पिवळट निकेल, मग तांब्याची एक लाल रेघ, मग ॲल्युमिनियम, आडव्या कापलेल्या कांद्यागत वर्तुळं. माझ्या चाकात तांबं होतं, सगळ्यात असतंच असं नाही. डोळे मिटून नख फिरवायचं त्या वर्तुळावरनं. नख अडलं तर पायरी आहे, परत घासा. घासता घासता कडेचं क्रोम अजून उचकटायला लागलं तर वैतागू नका, ते आत्ता निघालं हे नशीब, रंगाखाली निघालं असतं.

घट्ट क्रोमवर १८०-२२० आणि शेवटी ३२०, वेगवेगळ्या दिशेनं. क्रोम काढायचं नाही, नुसतं आंधळं करायचं. स्पोकच्या सांदीत, नटाच्या खोबणीत पेपर जात नाही तिथं घासणी नाहीतर बोटाएवढी पट्टी दुमडून. माझा एका चाकाला अख्खा अर्धा दिवस गेला. झालं असं वाटलं की चाक वाळवा, अंधारात न्या आणि मोबाईलचा टॉर्च तिरका मारा, जिथं अजून आरसा चमकतोय तिथनंच उद्या रंग सुटणार. मला वाटलं होतं माझं झालंय, मामांनी टॉर्च मारला आणि अकरा ठिकाणी बोट ठेवलं.

फुटपाथला घासून आलेले ओरखडे असतील तर थोडी पुट्टी भरून घासून घ्या. पुट्टी उघड्या खरखरीत धातूवर भरायची, ॲसिडवाल्या प्रायमरवर नाही.

झाकणं

टायर न काढता करणार असाल तर पत्त्यांचा जुना कॅट आणा. टायरची हवा सोडली की रिंग आणि टायरच्या मधे फट मिळते, तिथं एकावर एक पत्ते खोवत जायचं, १३ इंचाला पंचवीस-तीस पुरतात. आमच्या घरात पत्ते सापडले नाहीत म्हणून मी जुन्या लग्नपत्रिका कापल्या, त्या पत्त्यांपेक्षा जाड आणि गुळगुळीत, अजून चांगल्या. आता कपाटात एक पत्रिका आहे जिच्यावर नवरदेवाचं नाव गनमेटल आणि नवरीचं कोरं. टायरवर वर्तमानपत्र घालणार असाल तर दोन पदरी घाला, एका पदरातनं थिनर पाझरतं. व्हॉल्व्हला टेप.

आणि हे नीट वाचा, नट जिथं बसतो ती तिरकी बैठक आणि चाकाची पाठ जिथं हबला (गाडीकडची चकती, जिच्यावर चाक बसतं) टेकते ती जागा, या दोन्हीवर रंग जाऊ द्यायचा नाही. रंगाचा थर दाबाखाली चेपतो, मग नट सैल होतात. कागदाची गुंडाळी करून भोकात घाला.

प्रायमर

शेवटचं पुसणं थिनरनं, दोन फडक्यांनी. एकानं ओलं पुसायचं, ते उडायच्या आधी दुसऱ्या कोरड्यानं उचलायचं. एकच फडकं वापरलं तर तेल इकडचं तिकडं होतं नुसतं. यानंतर हात लावायचा नाही, हाताचं तेल पण तेलच.

चमक मारलेल्या क्रोमवर इपॉक्सी प्रायमर सगळ्यात चांगला धरतो. एचिंग प्रायमर म्हणजे ॲसिडवाला, तो उघड्या ॲल्युमिनियमला आणि लोखंडाला चावतो, क्रोमला फारसा चावत नाही, म्हणून एचिंग आणला म्हणजे घासायचं वाचलं असं दुकानदार म्हणाला तर हसून सोडून द्या. दोन्ही एकमेकांवर मारायचे असतील तर डब्यावर तसं लिहिलंय का बघा, बऱ्याच इपॉक्सींना खाली ॲसिड चालत नाही. उघडं ॲल्युमिनियम हवेत ठेवू नका, त्यावर लगेच परत ऑक्साइडचा थर धरतो. सकाळी घासलं तर दुपारी प्रायमर.

डबा दोन मिनिटं हलवा, खरंच दोन, घड्याळ लावून. २० ते २५ सेंटीमीटरवरनं, हात चालता ठेवून, बटन चाकाच्या बाहेर दाबायचं आणि बाहेरच सोडायचं. पहिला हात नुसता धुक्यागत, खालचं दिसलं तर दिसू दे. इथं सगळ्यांचा हात सुटतो. मी दुसऱ्या फेरीलाच सगळं झाकायला बघत होतो आणि मामा कट्ट्यावर बसून ओरडायलेत, "साकु, साकु! अरे सोड की ते बटन!" कन्नड-मराठी एकत्रच येतंय त्यांच्या तोंडात. साकु म्हणजे पुरे. मी म्हटलं, "मामा, अजून क्रोम दिसतंय की." तर म्हणे, "दिसंना का, पळून जातंय व्हय?" दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या दिवशी ६०० नंबरनं पाण्यात अलगद घासा, कुठं धातू उघडा पडला तर तिथं परत प्रायमर.

रंग आणि क्लिअर

रंगाचे तीन-चार पातळ हात, मधे तेवढीच विश्रांती. चाक आडवं ठेवा, विटांवर, म्हणजे ओघळ कमी येतात. आधी स्पोकच्या कडा आणि सांदी, मग तोंड. पहिल्यांदा करताय तर सिल्व्हर किंवा गनमेटल घ्या, चकचकीत काळा घेऊ नका, त्यात घासल्याची प्रत्येक चूक दिसते आणि आपल्या तांबड्या धुळीत तो रोज मळका. दोन हातांमधली वेळ डब्यावर असते ती पाळा, काही रंगांना तासाभरात दुसरा हात नाहीतर मग एकदम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असं असतंय, अर्धवट वाळल्यावर मारला की सुरकुत्या.

क्लिअरचे दोन-तीन हात, शेवटचा थोडा ओला. ओघळ आला तर बोट लावू नका. वाळू दे, १००० नंबरनं बसवा, वरनं परत एक हात. जागा पण बघून घ्या, मी दुसरं चाक सासुरवाडीच्या अंगणात केलं हुक्केरीकडं, जानेवारीत, ऊसतोडीचा सीझन. शेवटचा हात ओला असताना शेजारच्या रानात पाचट पेटवलं आणि काजळीचे काळे कुरळे तुकडे हळूहळू खाली उतरायला लागले, काळ्या बर्फागत, मी बघत उभा. सात चिकटले. ओल्यात काढायला गेलो असतो तर सात खड्डे झाले असते, वाळल्यावर १००० नंबरनं काढले आणि परत क्लिअर मारला.

बसवणं

टेप आणि पत्ते शेवटचा हात थोडा सुकल्यावर, अजून पूर्ण कडक व्हायच्या आधी काढा, नाहीतर कड फाटते. मग चाक एक अख्खा दिवस तसंच, घाई नसेल तर दोन-तीन. बसवताना नट आधी हातानं पूर्ण आत घ्या, मग समोरासमोरचे आलटून पालटून आवळा, गाडी खाली घेऊन शेवटचं आवळणं. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) मिळाला तर गाडीच्या पुस्तकातला आकडा बघा, छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या मधे असतो. पंक्चरवाल्याकडं गेलात तर नट आवळायची हवेची बंदूक लावू नको म्हणा, हातानं आवळ, आणि पान्याच्या सॉकेटला आतनं फडकं लाव, नाहीतर नटाच्या खोबणीतला ताजा रंग तिथंच जातो. हवा सोडली होती ती भरा. वजनाच्या चिकटपट्ट्या निघाल्या असतील तर बॅलन्सिंग करून घ्या.

पन्नास-शंभर किलोमीटरनं नट परत एकदा तपासा. पहिले पंधरा दिवस नुसतं पाणी, प्रेशर वॉशर नाही, टायर पॉलिश नाही, ॲसिडवाला व्हील क्लीनर तर कधीच नाही. खडी लागून टवका उडाला तर त्याच आठवड्यात तेवढ्यापुरतं घासून प्रायमर-रंगाचा ठिपका द्या, डब्याच्या टोपणात थोडा फवारून आगपेटीच्या काडीनं लावता येतो. माझ्या पुढच्या उजव्याला असे तीन ठिपके आहेत, सगळे चोर्ल्याचे.